दक्षिण मराठा मुलखाखालचा समुद्र

१/
सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहून कृष्णेकडे पाहावे. जिकडे नजर जाईल तिकडे काळ्या दगडाचे राज्य दिसते. घाट काळे, देवळे काळी, शेतातली मातीही काळी. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा सोडला, तर उगमापासून इथपर्यंत कृष्णेने दुसरा खडक जवळजवळ पाहिलेलाच नसतो. मात्र हीच नदी दीडशेएक किलोमीटर पुढे, बागलकोटच्या मुलखात गेली की तिच्या खोऱ्यातला दगड बदलतो. तिथे राखी, निळसर, कुठे गुलाबी झाक असलेले चुनखडकाचे आणि डोलोमाइटचे थर लागतात.

ते थर म्हणजे एका समुद्राचा तळ आहे. आजचा थ्रेड त्या समुद्राविषयी. 🧵

२/
‘बागलकोट कर्नाटकात, मग सांगलीच्या इतिहासात त्याचे काय काम?’ असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर जुन्या नकाशात आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दरम्यानच्या या पट्ट्याला इंग्रजी दप्तरात ‘सदर्न मराठा कंट्री’, म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, असे नाव होते. सांगली, मिरज, कुरुंदवाड आणि जमखिंडी ही पटवर्धनांची संस्थाने, रामदुर्ग भाव्यांचे, मुधोळ घोरपड्यांचे. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले तेरदाळ आणि गदग जिल्ह्यात असलेले शिरहट्टी ही दोन्ही गावे सांगली संस्थानाच्या अमलाखाली होती.

३/
१९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि संस्थानी मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले होते. त्या दिवसानंतर आपल्या शालेय भूगोलातून एक संपूर्ण खडकसमूह नकळत गळून पडला. ‘महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट’ एवढेच आपण पाठ केले.

४/
त्या गळून पडलेल्या खडकांचे नाव कलादगी. बागलकोटच्या पश्चिमेला घटप्रभेच्या काठी कलादगी हे गाव आहे. आज ते लहानसे वाटते; पण मुंबई इलाख्यात ते एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते आणि जिल्ह्याचे नावही कलादगीच होते. १८८५ मध्ये मुख्य ठाणे विजापूरला हलले आणि गावाचे वैभव ओसरले. जिल्हा गेला, कचेऱ्या गेल्या, नाव मात्र भूशास्त्रात राहिले. जगातला कुठलाही भूशास्त्रज्ञ भारताच्या प्राचीन खोऱ्यांविषयी लिहू लागला की ‘कलादगी’ हा शब्द त्याला लिहावाच लागतो.

५/
ते नाव कायम करणारा माणूस रॉबर्ट ब्रूस फूट. १८५८ मध्ये तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला. इतिहासप्रेमींना तो वेगळ्या कारणाने ठाऊक असतो: ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्याला पुराश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्याच फूटने दक्षिण मराठा मुलूख पायाखाली घातला आणि १८७६ मध्ये त्याचा सविस्तर भूवैज्ञानिक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी डॉ. अलेक्झांडर टर्नबुल ख्रिस्टी या वैद्यकाने या मुलखातील खडकांची टिपणे लिहिली होती. पण थरांची सुसंगत मांडणी फूटची.

६/
फूटच्या नजरेचा आवाका पाहा. गोकाकजवळ चिकदौली येथे त्याला लुप्त झालेल्या गेंड्याचे जीवाश्म मिळाले. खडक, हाडे आणि दगडी हत्यारे हे तिन्ही तो एकाच वहीत टिपत असे. पुढे १९५५ मध्ये र. वि. जोशी यांचा मलप्रभेच्या खोऱ्यावरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतून आला. त्यातली पुराश्मयुगीन माणसे हत्यारांसाठी जो कठीण क्वार्टझाइट वापरत होती, तो कलादगी खडकांतलाच. या मुलखाचा मानवी इतिहास अक्षरशः याच दगडापासून सुरू होतो.

७/
आता थर वाचू या. भूशास्त्रज्ञ थर खालून वर वाचतात. कारण खालचा थर आधी साचलेला असतो.

सर्वांत तळाशी ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म, म्हणजे दक्षिण भारताचा मूळ पाया. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आणि त्याहूनही अधिक. त्यावर गोटे एकत्र जमून झालेला पिंडाश्म आणि वाळूपासून झालेला क्वार्टझाइट. त्यावर चिखलाचा शेल. आणि त्यावर चुनखडक व डोलोमाइट.

८/
हा क्रम म्हणजे एक घटनाक्रम आहे. गोटे आणि जाड वाळू नदी व किनारा सांगतात. बारीक चिखल शांत पाणी सांगतो. चुनखडक आणि डोलोमाइट सांगतात ते स्वच्छ, उथळ, उबदार समुद्राचे पाणी, जिथवर जमिनीवरचा गाळ फारसा पोहोचत नाही. म्हणजे जमीन हळूहळू खचत गेली आणि समुद्र आत सरकत आला. एकदाच नव्हे, समुद्र आला, मागे हटला, पुन्हा आला. कलादगीचे हे खडक आज सुमारे ८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात उघडे आहेत.

९/
या थरांची नावे वाचताना संस्थानांची यादी वाचल्यासारखे वाटते. तळाच्या एका थरसंचाला ‘रामदुर्ग’ हे नाव आहे. ज्या मोठ्या गटात तो मोडतो त्याला ‘लोकापूर’, आणि ते लोकापूर आज मुधोळ तालुक्यात आहे. डोलोमाइटच्या एका थराचे नाव ‘चित्रभानुकोट’, चुनखडकाच्या एका थराचे ‘चिक्कशेल्लिकेरी’, आणि सर्वांत वरच्या चुनखडकाचे नाव ‘कोंकणकोप्प’. राजे गेले, जहागिरी गेल्या; त्यांच्या गावांची नावे मात्र अब्जावधी वर्षे जुन्या दगडांना चिकटून राहिली.

१०/
आता खरे कोडे. शाळेत आपण शिकतो की शंख-शिंपल्यांच्या कवचांपासून चुनखडक होतो. पण कलादगीचा समुद्र नांदत होता तेव्हा शंखही नव्हते आणि शिंपलेही नव्हते. कवचधारी प्राणी पृथ्वीवर विपुल झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. कलादगीचा हा चुनखडक त्याच्या दुपटीहून अधिक जुना. मग एवढा चुना साचवला कुणी?

११/
काही अंशी समुद्राच्या पाण्यानेच. त्यात विरघळलेला चुना तळाशी बसत गेला. आणि काही अंशी डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी. उथळ तळावर सायनोबॅक्टेरियांसारख्या सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय पसरलेली असे. तिच्यावर चुन्याचा बारीक गाळ चिकटे. जीव प्रकाशाकडे वर सरकत. पुन्हा साय, पुन्हा गाळ. असे थरावर थर चढून घुमटासारख्या, कोबीच्या गड्ड्यासारख्या रचना तयार झाल्या. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

१२/
बागलकोट परिसरातील डोलोमाइटमध्ये हे स्ट्रोमॅटोलाइट आढळतात. कापलेल्या दगडावर एकात एक बसवलेल्या कमानी दिसाव्यात तशा त्यांच्या रेषा असतात. गंमत अशी की ‘स्ट्रोमॅटोलाइट’ हा शब्द जर्मन अभ्यासक एर्न्स्ट काल्कोव्स्की याने १९०८ मध्ये घडवला. १८७६ मध्ये फूटच्या हाती हा शब्दच नव्हता. दस्तऐवज समोर असतो, पण तो वाचण्याची लिपी नंतर सापडते, असे भूशास्त्रातही घडते. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको.

१३/
असे जिवंत स्ट्रोमॅटोलाइट आज जगात फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. ऑस्ट्रेलियातील शार्क बे हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. तिथले पाणी इतके खारट आहे की या सूक्ष्मजीवांना खाणारे प्राणी तिथे फारसे तगत नाहीत. कलादगीच्या काळात असे खाणारे कुणी नव्हतेच. त्यामुळे जगभरचे उथळ समुद्र यांच्याच ताब्यात होते. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूचा वातावरणातला आरंभही अशाच जीवांच्या प्रकाशसंश्लेषणातून झाला.

१४/
आणि डोलोमाइट म्हणजे काय? चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातल्या कॅल्शियमच्या जवळजवळ निम्म्या जागा मॅग्नेशियमने घेतल्या की होतो डोलोमाइट. फ्रेंच अभ्यासक देओदा द दोलोम्यू याने १७९१ मध्ये या दगडाचे वर्णन केले. त्याच्या नावावरून दगडाला, आणि पुढे इटलीतील एका पर्वतरांगेलाही, नाव मिळाले. दोलोम्यूच्या लक्षात आलेली खूण आजही क्षेत्रभेटीत वापरतात: सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट मात्र जवळजवळ गप्प राहतो. त्याची पूड केली तर तोही हळूहळू बोलू लागतो.

१५/
आजच्या समुद्रांत डोलोमाइट फारच थोडा तयार होतो. प्राचीन खडकांत मात्र तो भरपूर आहे. असे का, यावर भूशास्त्रज्ञ दोन शतके वाद घालत आहेत. त्या वादाला ‘डोलोमाइटची समस्या’ असेच नाव पडले आहे. म्हणजे मुधोळ-बागलकोटच्या माळावर पडलेला एखादा राखी दगड हा जगभरच्या प्रयोगशाळांपुढच्या प्रश्नाचा साक्षीदार आहे.

१६/
समुद्र हटला, थर दगड झाले आणि मग भूकवचाच्या दाबाने त्यांना घड्या पडल्या. चटई दोन्ही बाजूंनी ढकलावी तशा पूर्व-पश्चिम रोखाच्या घड्या. त्यानंतर ऊन-पावसाने त्या घड्यांचे माथे झिजवले. आणि त्या झिजलेल्या, तिरप्या थरांवर पुन्हा नवे, जवळजवळ आडवे थर साचले. खालचे तिरपे, वरचे आडवे. या सांध्याला ‘विसंगती’ म्हणतात. १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला असाच सांधा पाहून जेम्स हटनला कळले की पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेपलीकडचे आहे.

१७/
वरच्या त्या आडव्या थरांना तुम्ही ओळखता. बदामीची लेणी त्यांतच कोरलेली आहेत! भूशास्त्रात त्या तांबूस वालुकाश्माला ‘केव्ह टेम्पल अरेनाइट’, म्हणजे लेण्यांचा वालुकाश्म, असेच औपचारिक नाव आहे. तिसऱ्या लेण्यातला चालुक्य मंगलेशाच्या काळचा शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा. कोरक्यांनी ज्या वाळूत छिन्नी चालवली, ती त्यांच्या आधी कोट्यवधी वर्षे नद्यांनी वाहून आणली होती.

१८/
वय कळते कसे? शिलालेखावर शक असतो; खडकावर नसतो. पण एक युक्ती आहे. एखाद्या कागदावरच्या मजकुरावर आडवा शिक्का मारलेला असेल, तर मजकूर शिक्क्याच्या आधीचा, हे निश्चित. कलादगीच्या जुन्या थरांना छेदून वितळलेला लाव्हारस घुसला आणि त्याच्या भित्ती झाल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा एका घुसखोर खडकाचे वय आर्गॉन पद्धतीने सुमारे ११५ कोटी वर्षे आले. म्हणजे तो ज्यांना छेदतो ते थर त्याहून जुने.

१९/
हे आकडे मनात मावत नाहीत. म्हणून त्या ११५ कोटी वर्षांचे एक वर्ष करू. १ जानेवारीला ती भित्ती घुसली. समुद्राचा तळ त्याआधीच दगड होऊन बसलेला आहे. महिन्यांमागून महिने जातात. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट घडवणारे लाव्हाचे लोट वाहतात ते डिसेंबरच्या ११ तारखेच्या सुमारास. त्यांचे खरे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. बदामीचे तिसरे लेणे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीला सुमारे ४० सेकंद उरलेली असताना. सांगली संस्थान शेवटच्या सहा-सात सेकंदांत.

२०/
म्हणजे ज्या काळ्या दगडाला आपण ‘मूळचा’ समजतो, तो या मुलखात फार उशिरा आलेला पाहुणा आहे. लाव्हाचे लोट थरावर थर पसरत दक्षिणेकडे आले आणि जुन्या टेकड्या, दऱ्या, चुनखडक, वालुकाश्म यांच्यावर त्यांनी पांघरूण घातले. गोकाक-बेळगावच्या पट्ट्यात या पांघरुणाची कड संपते. घटप्रभा गोकाकजवळ सुमारे ५२ मीटर खाली झेपावते, तो कडा कलादगीच्या कठीण दगडाचा आहे. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही पांघरूण जिथे फाटले आहे, तिथे कलादगीचे खडक डोकावतात. तेव्हा हा ‘सीमेपलीकडचा दगड’ महाराष्ट्रातही आहेच.

२१/
ही कड वास्तूंमध्येही दिसते. कृष्णाकाठचे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर काळ्या बेसॉल्टचे. विजापूरचा गोलघुमट काळ्या दगडाचा. दक्षिणेला मलप्रभेच्या काठी गेलात की ऐहोळे, बदामी, पट्टदकल तांबूस वालुकाश्माचे. राजवंश वेगळे, शैली वेगळ्या, हे खरे. पण रंगाचा हा भेद आधी खडकाने ठरवलेला आहे. वास्तुशैलीवर लिहिताना आपण राजाचे नाव आधी लिहितो. खाणीचे नाव बहुधा लिहीतच नाही.

२२/
मग एक व्यवहारी प्रश्न. सातारा-सांगलीच्या काळ्या मुलखात सागरी चुनखडकाचे थर वर दिसत नाहीत, तर गडकोट, वाडे, देवळे यांच्यासाठी चुना आला कुठून? उत्तर शेतात आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम असते. पावसाचे पाणी ते विरघळवते, कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि मातीत चुनखडीचे खडे साचतात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदारांना ही चुनखडी चांगलीच माहीत आहे; जमिनीत ती जास्त असली की वेलीला लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. भूशास्त्रज्ञ या खड्यांना कंकर म्हणतात.

२३/
हे खडे भट्टीत भाजायचे, कळीचा चुना काढायचा, तो पाण्यात विझवायचा, वाळूबरोबर घाण्यात दळायचा. अनेक गडांवर बैलांनी ओढायच्या दगडी चाकाचे आणि वर्तुळाकार चराचे चुन्याचे घाणे आजही दिसतात. भिंतीत बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत चुनखडीच होतो. म्हणजे आपल्या गडांच्या सांध्यांत चुनखडक आहे, पण तो समुद्राचा नव्हे. मातीत जन्मलेला, तरुण. कलादगीचा सागरी चुनखडक आणि हा कंकर रसायनाने भाऊ, वयाने मात्र त्यांच्यात शंभर कोटी वर्षांहून अधिक अंतर.

२४/
प्राचीन समुद्राचा दगड आपल्या घरात आला तो वेगळ्या वाटेने. आजीच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी आठवा. ती कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या चुनखडकाची. हे खडक भीमा खोऱ्यातले; जी भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते, तीच. विदर्भातही यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात पैनगंगेच्या नावाने ओळखले जाणारे प्राचीन चुनखडक आहेत, आणि वणी-गडचांदूर भागातले सिमेंट त्यांच्यावरच उभे आहे. अशा सर्व जुन्या, न बदललेल्या गाळाच्या खडकांना थॉमस हॉलंड याने विसाव्या शतकाच्या आरंभी एक नाव सुचवले: ‘पुराण’. आपला शब्द जगाच्या भूशास्त्रात असा गेला.

२५/
इथे एका गैरसमजाला आवर घालायला हवा. ‘मग सातारा-सांगलीच्या खाली सगळीकडे हा समुद्रतळ असणार!’ असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा काय सांगतो? कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यात रासाटी येथे दीड किलोमीटरहून खोल विवर खणण्यात आले. सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-पट्टिताश्म. मध्ये चुनखडक नाही, वालुकाश्म नाही. एक तर समुद्र तिथवर पोहोचला नव्हता, किंवा त्याचा गाळ लाव्हा येण्यापूर्वीच झिजून गेला होता.

२६/
म्हणून पांघरुणाखाली कलादगीचे खोरे उत्तरेकडे नेमके किती पसरले आहे, हा प्रश्न आजही अभ्यासाचाच आहे. एका विवराने कोयनेचे उत्तर दिले, सांगलीचे नव्हे. इतिहासातही असेच असते: एका गावच्या दप्तरावरून सगळ्या परगण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ‘नाही सापडले’ हाही पुरावा असतो, पण तो जिथे शोधले तेवढ्याच जागेचा.

२७/
आता या थ्रेडचे खरे कारण. आलमट्टी हे नाव सांगलीकरांनी २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पाठ केले. धरणाच्या भिंतीवरून आपण खूप बोललो. पण त्याच जलाशयाचे पाणी घटप्रभेच्या खोऱ्यात शिरले, जुन्या बागलकोटचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि लोकांसाठी नवनगर वसवावे लागले. हे सगळे घडले ते कलादगी खडकांच्या ऐन मुलखात. बुडाले ते नुसते वाडे नव्हेत. एकेकाळच्या समुद्राचे उघडे तळही पुन्हा पाण्याखाली गेले.

२८/
दुसरीकडे लोकापूर-मुधोळ-बागलकोट भागात चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात. मॅग्नेशियम जास्त असल्यामुळे डोलोमाइट सिमेंटला चालत नाही, पण पोलादाच्या भट्टीला लागतो. खाणीशिवाय घर उभे राहत नाही, हे मान्य. तक्रार खाणीची नाही. तक्रार ही की शिलालेख फुटला तर बातमी होते, वीरगळ हलवला तर आपण आवाज उठवतो. शंभर कोटी वर्षांहून जुने स्ट्रोमॅटोलाइट खडीत गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात न येण्याचे कारण एवढेच की ते तिथे आहेत, हे आपल्याला कुणी सांगितलेलेच नसते.

२९/
१९५६ ची रेषा प्रशासनाची आहे, तिच्यावरचा वाद वेगळ्या व्यासपीठाचा. खडक कुणाच्याही बाजूने साक्ष देत नाहीत. पण अभ्यासकाने ती रेषा डोक्यात घेऊन फिरू नये. सांगली, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग हा एकेकाळी एकाच राजकीय पटाचा भाग होता, आणि त्या पटाखाली दोन वेगळी युगे शेजारी शेजारी आहेत: वायव्येला लाव्हाचे, आग्नेयेला समुद्राचे. दक्षिण मराठा मुलखाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही पाय जमिनीवर हवेत.

३०/
मित्रहो, शेवटी एक छोटा प्रयोग. सांगली-सातारा भागातल्या कुठल्याही काळ्या रानातून पांढरट चुनखडीचा खडा उचला आणि त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे येतील. मग पुढच्या वेळी बदामीला जाल तेव्हा लोकापूर-बागलकोटच्या रस्त्याने जा, आणि वाटेत राखी थरांचा दगड दिसला तर थांबा. तिथे हातोडा नको, आम्ल नको; फोटो, ठिकाण आणि तारीख पुरे. त्यात कमानीसारख्या रेषा दिसल्या, तर जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला तो फोटो दाखवा.

गडांच्या नोंदी आपण अशाच, एकेक करून जमवल्या. आता या समुद्राच्याही जमवू.

(समाप्त)